‘जुनं काही नाही’ असं सांगतात, तेव्हा मागायचं काय आणि कुठे?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पणजोबा १९५६ च्या सुमारास वारले. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, थोरले भाऊ कर्ते. जमीन थोरल्यांच्या नावावर लागली आणि पुढे त्यांच्याच मुला-नातवंडांकडे गेली, असं घरात बोललं जातं. आज मोबाइलवर सातबारा काढला तर तुमच्या घरातलं एकही नाव त्यावर नाही. गावात विचारलं तर ‘एवढं जुनं काही नाही, जळालं’ असं उत्तर मिळालं. आता सुरुवात कुठून करायची?

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. निवृत्तीनंतरही लोकांचे जुने कागद शोधून द्यायचं काम सुटलेलं नाही. त्या नऊ वर्षांत ‘मिळत नाही’ हे उत्तर मीही दिलेलं आहे, आणि दर वेळी ते खरं होतंच असं नाही. माणूस खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, ‘साहेब, आमच्या आजोबांच्या जमिनीचे सगळे कागद द्या.’ आत छतापर्यंत रुमालात बांधलेले गठ्ठे. त्यात ‘आजोबा’ नावाचा गठ्ठा नसतो. गठ्ठा असतो गावाचा, गावात नमुन्याचा, नमुन्यात सालाचा, आणि सालाच्या वहीत पान असतं नंबराचं. हे चार सांगितलेत तर शिपाईसुद्धा दहा मिनिटांत रुमाल काढून समोर ठेवतो. नाव सांगितलंत तर कुणीच काही काढत नाही. तेव्हा तुमचं पहिलं काम कागद मागण्याचं नाही, नंबर गोळा करण्याचं आहे, आणि त्यातलं अर्धं घरी बसून होतं.

तुम्ही मोबाइलवर काढलेला सातबारा पुन्हा समोर घ्या. शक्यतो पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढा, पुढे तोच उपयोगी पडतो. वरचा भाग गाव नमुना सात, खालचा पिकांचा भाग गाव नमुना बारा. सगळे लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद ठेवून देतात. तुम्ही नावांसमोरचे आकडे बघा. प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे एक फेरफार क्रमांक असतो, म्हणजे हे नाव कुठल्या नोंदीने इथे आलं त्याचा पत्ता. हस्तलिखित सातबारावर हाच आकडा गोलात लिहिलेला दिसेल. ज्या नावाला कंस केलेला असतो ते नाव कमी झालेलं, आणि ते कुठल्या फेरफाराने कमी झालं तेही तिथेच असतं. मग इतर हक्काच्या बाजूला खाली ‘जुने फेरफार क्र.’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे आगगाडीच्या डब्यांसारखे आकडे: (४१) (११७) (३०२) वगैरे. या ओळीकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या लेखी अख्ख्या सातबारावर त्या ओळीइतकं कामाचं दुसरं काही नाही. फेरफाराचे नंबर गावापुरते एकापासून चढत जातात, त्यामुळे लहान आकडा म्हणजे जुनी नोंद. सगळे आकडे एका वहीत उतरवून घ्या.

आता हे फेरफार मागे मागे वाचत जायचं. आज ज्यांची नावं आहेत ती कुठल्या फेरफाराने आली? वारसाने, खरेदीने की वाटपाने? त्या फेरफारात आधीच्या माणसाचं नाव मिळेल. त्याचं नाव कसं आलं, त्यासाठी त्याच्या आधीचा फेरफार. असं करत तुम्ही पणजोबांच्या मृत्यूच्या वारस नोंदीपर्यंत पोचायचं. ती एक नोंद तुमच्या सगळ्या प्रकरणाची कळ आहे, म्हणून ती कशी दिसते ते सांगतो.

जुन्या फेरफाराच्या पानावर चार रकाने असतात. पहिल्यात नंबर. दुसरा सगळ्यात रुंद, त्यात नोंदीचा मजकूर. तिसऱ्यात ज्या जमिनींवर परिणाम झाला त्यांचे सर्व्हे नंबर आणि हिस्से. चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा आणि सही. पन्नासच्या दशकातल्या वारस नोंदीचा मजकूर बहुधा असा वळण घेतो: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वर्दी अमुक याने दिली, वारस मुलगा पहिला वय ३२, मुलगा दुसरा वय ९ अ.पा.क. थोरला भाऊ, पत्नी हयात, मुली दोन दिल्या घरी नांदतात, १३५ ड ची नोटीस बजावली, तक्रार नाही. शेवटी चौथ्या रकान्यात सर्कल इन्स्पेक्टरचा किंवा अव्वल कारकुनाचा शेरा, ‘मंजूर’. कधी ‘रद्द’. कधी तिथे काहीच नसतं, आणि नोंदच प्रमाणित झालेली नसताना तिच्यावरून सातबारा मात्र फिरलेला असतो.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता; अज्ञान म्हणजे वयाने सज्ञान न झालेला. तुमचे आजोबा अज्ञान होते, म्हणून त्यांच्या नावापुढे थोरल्या भावाचं नाव पालनकर्ता म्हणून लागलेलं असेल. किंवा आजोबांचं नाव न लिहिता नुसतं थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरं असतील, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही गावांत ए.कु.क. किंवा ए.कु.पु. लिहायचे, अर्थ तोच. जमीन घराची, नाव कारभाऱ्याचं. त्या काळी ही सर्रास पद्धत होती आणि तिच्यात लबाडी असायचीच असं नाही.

लबाडी म्हणा, आळस म्हणा, शिरायचा तो पुढे. हस्तलिखित सातबाराची वही दहाएक वर्षांनी भरत आली की तिचं पुनर्लेखन व्हायचं. जुन्या वहीतून नव्या वहीत हाताने नक्कल. शेकडो पानं, एक तलाठी, वर जमाबंदीची घाई. माझ्या टेबलावर आलेल्या एका प्रकरणात मी दोन वह्या शेजारीशेजारी उघडून ठेवल्या होत्या. जुन्या वहीत थोरल्या भावाच्या नावापुढे बारीक अक्षरात ए.कु.मॅ. होतं. नव्या वहीत त्याच माणसाचं नाव, तोच सर्व्हे नंबर, तेच क्षेत्र, आणि पुढची अक्षरं गायब. मधल्या काळात फेरफार कुठलाच नाही. गोलातला आकडा दोन्हीकडे एकच. म्हणजे कुणी हक्क सोडला नव्हता, कुणी विकलं नव्हतं, वाटप झालं नव्हतं. तीन अक्षरं उतरवायची राहिली आणि धाकट्या भावाचं घर जमिनीवरून उतरलं. पुढे थोरला वारला, त्याच्या मुलांची वारस नोंद रीतसर झाली, आणि कागदावर सगळं स्वच्छ दिसायला लागलं. तुमच्याकडेही असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण शोधायचं ते नेमकं हे: नाव किंवा अक्षरं गळाली त्या जागेला फेरफाराचा आधार आहे की नाही.

त्यासाठी नुसता फेरफार पुरत नाही, त्या जमिनीचे सगळे सातबारे सलग लागतात. मागणी करताना ‘जुना सातबारा’ असं लिहू नका. ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, सन १९५० पासून संगणकीकरणापर्यंतचे सर्व सातबारा उतारे’ असं लिहा. सातबाराच्याही आधीचं हवं असेल तर कडईपत्रक मागा. आपल्या भागात सातबारा यायच्या आधी हक्काची नोंद त्यात असायची. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार, कडईपत्रक असे कागद त्यानंतरचेच. त्यामागचं हवं असेल तर वाट वेगळी, ती पुढे सांगतो.

आता एक मोठा खड्डा. तुम्ही आजच्या सातबारावरचा जो नंबर घेऊन जाल तो गट नंबर असेल. पणजोबांच्या काळी गट नव्हते, सर्व्हे नंबर होते. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, पण प्रत्यक्ष योजना गावोगाव पुढच्या दोन-तीन दशकांत राबवली गेली. ज्या गावात ती झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे गट नंबर २१४ घेऊन तुम्ही १९५६ ची वही मागितलीत, तर कारकून २१४ नंबरचं पान काढेल, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या शेताचं असेल. माणसं इथे हमखास चुकतात आणि ‘आमचं नावच नाही हो’ म्हणत परत जातात.

हा पूल ओलांडायचा कागद तहसीलमध्ये मागू नका, तो उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळतो. जुनी माणसं त्याला अजून टीएलआर ऑफिस म्हणतात. तिथे ‘९(३) ९(४) चा उतारा’ असं म्हणा, बाकी स्पष्टीकरण लागत नाही. त्यात जुना सर्व्हे-हिस्सा, त्याचा खातेदार, क्षेत्र आणि आकार, आणि त्याच्या बदल्यात आलेला नवा गट आणि त्याचा खातेदार, असं जुळवून लिहिलेलं असतं. या पानावर खातेदाराचं नाव जुन्या बाजूला एक आणि नव्या बाजूला दुसरंच दिसलं, तर तुमचा शोध तिथेच संपू शकतो.

उतारा मिळायला वेळ लागला तर तोवर एक साधी युक्ती. जमिनीला तिच्या आकारावरून ओळखा. आकार म्हणजे सरकारी सारा. बहुतेक गावांत तो वर्षानुवर्षं बदललेला नाही. जुन्या पानावर क्षेत्र ३ एकर २० गुंठे आणि आकार ४ रुपये १२ आणे असेल, तर आज तीच जमीन साधारण १ हेक्टर ४२ आर आणि आकार ४.७५ अशी दिसेल. चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, बारा आणे म्हणजे पंचाहत्तर पैसे. हिस्से पडले असतील तर आकारही त्या प्रमाणात फुटलेला असतो, त्यांची बेरीज करून बघा. नंबर फिरतात, नावं फिरतात, पण क्षेत्र आणि आकार यांची जोडी सहसा एकत्र राहते. मी या जोडीवरून कितीतरी हरवलेली शेतं शोधली आहेत.

त्याच कार्यालयात जमिनीच्या अंगाचे बाकी कागद असतात: टिपण, गुणाकार बुक, फाळणी, आकारफोड, कमी-जास्त पत्रक, गावनकाशा. हद्दीचा वाद असेल तर त्यांचं महत्त्व. तुमचा वाद नावाचा आहे, म्हणून सध्या त्यांच्या नादी लागू नका. गावठाणातल्या घराचाही प्रश्न असेल आणि गावाचा सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका तिथेच मिळते. नसेल झाला तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ.

फेरफार आणि जुने सातबारे मात्र तहसीलमध्ये. चालू वह्या तलाठ्याकडे असायच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच), जुन्या भरल्या की तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा. म्हणून गावात ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले ते कदाचित अक्षरशः खरं होतं. ‘जळालं’ हे मात्र खरं धरू नका.

तहसीलला जायच्या आधी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर तुमचं गाव बघा. जुने सातबारे, फेरफार, आठ अ (खात्याचा उतारा) असं बरंच स्कॅन करून चढवलेलं आहे. तिथे एक काळजी घ्या. स्कॅनिंग करणाऱ्यांनी पानाला दिलेला नंबर कधी कधी चुकलेला असतो, विशेषतः जुन्या शाईतला १ आणि ९, ४ आणि ५. हवं ते पान त्या नंबराखाली नसेल तर आगेमागे दहा-वीस नंबर उघडून बघा. स्कॅन सापडला तर तहसीलच्या अर्जात त्याचा हवाला द्या. ‘उपलब्ध नाही’ म्हणायची सोयच राहत नाही.

अर्ज साधा. नक्कल मिळण्याबाबत, कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि आवक-जावक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. टेबलावर ठेवून ‘बघतो’ ऐकून परत येऊ नका. अर्जात एक वाक्य नक्की घाला: ‘वरील अभिलेख उपलब्ध नसल्यास तसा लेखी दाखला देण्यात यावा.’ तोंडी ‘नाही’ म्हणायला काही लागत नाही. लेखी ‘नाही’ वर सही करायची म्हटली की माणूस एकदा आत जाऊन बघतो. मी खुर्चीत होतो, मला माहीत आहे. आणि खरोखरच कागद नसेल तर तो दाखला कोर्टात तुमच्या कामी येतो, कारण मूळ नाही हे सिद्ध झाल्याशिवाय दुय्यम पुरावा पुढे करता येत नाही.

कागद खरंच नसू शकतो, तेही सांगतो. सरकारी अभिलेखांचं वर्गीकरण असतं. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क-१ दहा, क पाच, ड एक वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे छाननी, करून नाश करायचा, पण त्याची यादी ठेवायची. फेरफार नोंदवही ही नाश करायची गोष्टच नाही. तिच्यामागचे वर्दीचे अर्ज, नोटिशीच्या स्थळप्रती, जाबजबाब हे मात्र गेलेले असू शकतात. म्हणून ‘नाश केला’ असं उत्तर आलं तर वाद घालत बसू नका, नाश यादीची नक्कल मागा. यादी नसेल तर कागद नाश झालेला नाही, गहाळ झालेला आहे, आणि अभिलेख गहाळ होणं ही महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली कार्यालयाच्या अंगाशी येणारी गोष्ट आहे. हा फरक अर्जात शांतपणे लिहिला की पुष्कळदा कागद ‘सापडतो’.

माहिती अधिकार कुठे वापरायचा? बरेच जण पहिल्या दिवशीच दहा रुपयांचा अर्ज टाकतात. माझं मत विचाराल तर नकलेसाठी तो वापरू नका. नकलेची वाट सरळ आहे आणि तिथून मिळालेली प्रत ही रीतसर प्रमाणित नक्कल असते. माहिती अधिकार ठेवायचा अडलेल्या जागेसाठी: तुमच्या नक्कल अर्जाचं काय झालं, नाश यादी, किंवा वह्या स्वतः पाहण्याची मागणी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे घरची कहाणी लिहू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पहिलं अपील. स्वतः वही पाहणं हे नकलेपेक्षा मोलाचं असतं, कारण आधीची-पुढची पानं दिसतात. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहायला खुले ठेवण्याचा शासन निर्णय २६ नोव्हेंबर २०१८ चा आहे. त्याची एक प्रत पिशवीत ठेवा. खिडकीवरच्या नव्या मुलाला तो माहीत असेलच असं नाही.

नोंदणी कार्यालयाचं म्हणजे दुय्यम निबंधकांचं रेकॉर्ड तुम्हाला एकाच गोष्टीसाठी लागेल: मधे खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र असं काही झालं का. आजोबांनी मोठेपणी स्वतःच हक्क सोडला असेल तर तो कागद तिथे असू शकतो. सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे म्हणतात तो इंडेक्स टू, मिळकतीवरून शोधायची असते. सूची एक माणसाच्या नावावरून. या सूच्या आणि स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक एक हे नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कुणालाही फी भरून पाहता येतं, तुमचा त्या जमिनीशी संबंध काय हे विचारायचा प्रश्न येत नाही. ऑनलाइन शोध मुंबईसाठी १९८५ पासून, बाकी महाराष्ट्रासाठी २००२ पासून. त्याआधीचं कार्यालयात जाऊन, सालवार. तालुक्याचं कार्यालय मधे विभागलं गेलं असेल तर त्या वर्षी तुमचं गाव कुठल्या कार्यालयाला जोडलेलं होतं ते आधी विचारा. आणि हे लक्षात ठेवा की वारस नोंद, तोंडी वाटप, तलाठ्यासमोरचा जबाब यांतलं काही तिथे सापडणार नाही, कारण ते नोंदवायला कधी गेलंच नव्हतं. म्हणून इंडेक्स टू कोरी आली तर निराश होऊ नका. तुमच्या बाबतीत ती कोरी येणं चांगलंच.

नातं सिद्ध करायचे कागद वेगळे. पणजोबांच्या मृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये असेल, कोतवाल बुक म्हणतात ते. कोतवालाने गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहायचे, आणि पुढे जातीचा रकाना असायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात याच वह्या सगळीकडे चाळल्या गेल्या. त्याचा तुम्हाला एक फायदा आहे: आमच्या काळी धूळ खात पडलेले हे रुमाल सोडवले गेले, त्यातलं बरंच स्कॅन झालं. आजोबा तुमच्या गावच्या प्राथमिक शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, कधी कधी पालक म्हणून थोरल्या भावाचं नाव. ‘पालक: थोरला भाऊ’ एवढी एक ओळ तुमच्या प्रकरणात फार बोलते.

यातलं जुनं पुष्कळसं मोडी लिपीत असेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावकामगार मोडी लिहीत होते. घाबरू नका, आकडे बहुतेक ओळखू येतात आणि मजकूर ठरावीक असतो. मोडी वाचणारा माणूस गाठताना त्याने पुराभिलेख विभागाचं शिक्षण घेतलंय का ते विचारा, आणि लिप्यंतरावर सही घ्या. १९०३ च्या मागचं काही शोधायचं असेल, इनाम, वतन, सनद असं, तर ते पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तर म्हणतात तिथे. ती वाट लांबची आहे आणि तुमच्या प्रश्नासाठी गरजेची नाही. हौस म्हणून कधीतरी जा.

तुमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं म्हणून मी ही नावं सांगितली. मराठवाड्यात जाऊन कडईपत्रक मागाल तर कुणाला कळणार नाही. तिथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक, साल १९५४-५५ च्या आगेमागे, त्याआधीचं उर्दूत आणि फसली सनात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, १३५७ फसली म्हणजे १९४७ च्या आसपास. विदर्भात अधिकार अभिलेख, मिसल, निस्तारपत्रक. शब्द बदलतात, पद्धत तीच.

शेवटचं, आणि हे जरा कटू. घरात सांगितली जाणारी गोष्ट कागदावर जशीच्या तशी उतरत नाही. कधी निघतं की आजोबांनी सज्ञान झाल्यावर पैसे घेऊन जबाब दिला होता. कधी निघतं की जमीन कुळाकडे गेली. १ एप्रिल १९५७ ला बरीच जमीन कसणाऱ्यांची झाली, पण मालक अज्ञान किंवा विधवा असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलायची तरतूद होती. म्हणजे कूळ असेल तर तहसीलमध्ये कूळकायद्याची फाइलही असणार आणि तिच्यात तुमच्या आजोबांच्या वयाचा उल्लेखही. तीही मागून ठेवा. शिवाय त्या फेरफारात ‘मुली दिल्या घरी नांदतात’ असं वाक्य दिसलं, तर थांबून विचार करा. आजोबांच्या बहिणींची घरंही त्या यादीत येतात. स्वतःचं नाव गळालं म्हणून भांडायला निघालेली आणि आत्याचं नाव गळालंय म्हटल्यावर गप्प झालेली माणसं मी खूप पाहिली.

कागद हातात आल्यावर वाटा दोन. अक्षरं उतरवायची राहिली, फेरफार नसताना नाव गेलं, असं निव्वळ लेखनाचं प्रकरण असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. नोंद रीतसर झालेली आहे पण चुकीची आहे असं म्हणणं असेल तर अपील, आणि त्याची साठ दिवसांची मुदत कधीच गेलेली असल्याने विलंब माफीचा अर्ज सोबत. हक्काचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. सातबारावर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असं फक्त गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. यातली कुठली वाट हे कागद बघितल्याशिवाय सांगणारा वकील भेटला तर त्याला फी देऊ नका.

तूर्त दोनच कामं करा. ‘जुने फेरफार क्र.’ ची ओळ उतरवून घ्या आणि ९(३) ९(४) च्या उताऱ्याचा अर्ज टाका. पणजोबांच्या वारस नोंदीचं पान हाती आलं की दुसऱ्या रकान्यात आजोबांचं नाव आहे का, पुढे अ.पा.क. आहे का, आणि चौथ्या रकान्यात शेरा काय आहे, एवढं कळवा. पानाचा फोटो पाठवलात तर मजकूर मी वाचून देतो.